खळीचं पीठ

झड लागून आज नववा दिवस. आमच्या बुऱ्हाणपुरात पाऊस येतो, पडतो आणि जातो. झड मात्र घरात राहायलाच येते. मिठाच्या बरणीत पाणी सोडते, पापडाच्या डब्यात शिरते, आणि दोरीवरच्या लुगड्याला तिसऱ्या दिवशी असा वास आणते की नेसावं की टाकून द्यावं कळत नाही. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे तर तिला आंदणच दिलेले असतात.

झडीचा खरा आवाज मात्र पावसाचा नसतो. तो असतो न वाजणाऱ्या मागांचा. आमच्या गल्लीच्या वरच्या अंगाला व्यापारी, मास्तर, कचेरीतले कारकून, आणि खालच्या अंगाला विणकर. एरवी पहाटेपासून तिकडून खटक-खट, खटक-खट चालू. लग्न होऊन आले तेव्हा तो आवाज मला झोपू देत नसे. आता तो थांबला की झोप येत नाही. आज नऊ दिवस मी धड झोपलेले नाही.

काल दुपारी कुमुद आली. आमच्या शेजारच्या वकिलांची नात. खादीची साडी, पायांत चिखल, काखेत कागदांची गुंडाळी. गल्लीतल्या मदत मंडळाचं काम हल्ली ही पोरं बघतात. म्हणाली, "आजी, खालच्या अंगाच्या घरांना आपण पीठ देतो आहोत. पण काही ठिकाणी गैरवापर होतो असं कानावर आलंय. तुम्ही जुनं माणूस. चार घरं बघून याल? तुमच्या नजरेतून काही सुटायचं नाही."

खरं आहे. माझ्या नजरेतून काही सुटत नाही. तिथंच तर सगळं बिघडलं होतं.

तिने दिलेला प्रश्नांचा कागद मी ठेवून घेतला. तिच्या पाठीमागे दार लावलं, आणि ती स्वतःचीच छत्री घेऊन गेली ना, हे आधी पाहिलं. स्वभाव! माझा बाप तुकईथडचा शेतकरी. ज्वारीची रास पडली की आई मला राशीजवळ बसवून ठेवी. "मापणाऱ्याच्या हाताकडं पाहा, तोंडाकडं पाहू नको," असं सांगे. तेव्हापासून मी माणसाचं तोंड पाहिलंच नाही म्हणा ना. दूधवाल्याचं माप, वाण्याचा तराजू, सासूबाईंची जपमाळ, सगळ्यांवर माझा डोळा. आमचे मास्तर म्हणायचे, "यमराज आला तरी तू आधी त्याचा रेडा तपासशील."

दुसरी एक शिकवण आईचीच. पिठाचा कण जमिनीवर सांडला तर तो बोटाने टिपायचा आणि डोळ्यांना लावायचा. पीठ म्हणजे लक्ष्मी. ते पायदळी येऊ द्यायचं नाही, वाया जाऊ द्यायचं नाही. या दोन शिकवणी मी सासरी बरोबर घेऊन आले. एकेक वेगळी चांगलीच होती हो. दोन्ही एकत्र झाल्या आणि एका घराचं वाटोळं झालं.

मी तेव्हा बाविशीची असेन. आमचे मास्तर म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायचे. त्या वर्षी आषाढात जी झड लागली ती श्रावण उजाडला तरी हटेना. विणकराला झड का मारते, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटे, माग तर घरात असतो, डोक्यावर छप्पर असतं. मग पाऊस पडला म्हणून हातावर हात धरून बसायला यांना झालं काय? आळशी मेले! असं मी मनात म्हणायची आणि कधी कधी तोंडाने सुद्धा.

अशा दिवसांत आमच्या गल्लीत मुठीची पद्धत होती. वरच्या अंगाच्या प्रत्येक घरात चुलीजवळ एक गाडगं. बाईने भाकरी थापायला बसताना आधी एक मूठ पीठ त्या गाडग्यात टाकायचं आणि मग परातीत घ्यायचं. शनिवारी सगळ्या घरांची गाडगी मारुतीच्या देवळात जायची आणि तिथून ते पीठ खालच्या अंगाच्या घरांना वाटायचं. खोटं कशाला बोलू, त्या मुठीवर कितीतरी घरं तगली. आमच्या सासूबाई तर उपासाच्या दिवशीही मूठ चुकवत नसत.

आता धान्य न देता पीठच का? तर मंडळाचे प्रमुख दाजीसाहेब. कापसाचे मोठे व्यापारी, पागोट्याखाली भलं मोठं कपाळ. त्यांचं म्हणणं, "ज्वारी दिली तर बाजारात नेऊन विकतील. पीठ कोण विकत घेणार? दया करा, पण डोळे उघडे ठेवून करा." सगळ्यांनी माना डोलावल्या. सर्वांत जोरात मी. झडीच्या दिवसांत पीठ चार दिवसांत कुबट होतं, त्याला जाळी धरते, हे काय आम्हा बायकांना ठाऊक नव्हतं? होतं. पण कुणी फसवू नये म्हणून आम्ही त्यांना नासकं खायला लावत होतो, हे काही तेव्हा सुचलं नाही.

तेवढ्यावरही दाजीसाहेबांचं समाधान होईना. एके दिवशी ते मास्तरांकडे आले आणि ओसरीवरूनच मला म्हणाले, "मास्तरीणबाई, पुरुषमाणसाला कुणाच्या चुलीपर्यंत जाता येत नाही. तुम्ही जा. खरी गरज कुणाला आणि सोंग कुणाचं, एवढं बघा."

मास्तर काहीतरी पुटपुटले. मला मात्र आभाळ ठेंगणं झालं. आजवर ज्या स्वभावापायी बोलणी खाल्ली, त्यालाच आज मान मिळाला होता!

मी घरोघर जाऊ लागले. "काय, कसं काय?" म्हणत तव्यावर हात ठेवायचा, गरम आहे का. नाक वर करून हुंगायचं, फोडणीचा वास येतो का. पोरांच्या हातांकडे बघायचं, गुळाचा चिकटा आहे का. त्या बायकाही काय कमी? मी उंबरठ्यात दिसले की भांड्यांची हलवाहलव सुरू. त्यांना वाटे, ही आपली तांब्या-परात मोजायला आली. कुणी मला खरं सांगत नव्हतं, आणि मी कुणाचं खरं मानत नव्हते. गोडगोड बोलणं तेवढं दोन्हीकडून चाललेलं.

एक गोजराबाईच तेवढी गोडही बोलेना.

गल्लीच्या अगदी शेवटच्या घरातली ही विणकरीण. नवरा किसन, दम्याने बेजार. दोन मुली, पाठोपाठच्या. गोजरा उंच, हडकुळी. मी गेले की इतर बायका पदर सावरून "या माय, बसा माय" करत. ही नुसती बघायची. डोळ्याला डोळा लावून. मदत घेणाऱ्या बाईने असं बघायचं असतं का? मला तर ते फार झोंबायचं. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, तशी तिची प्रत्येक गोष्ट मला खटकायला लागली.

आणि खटकण्यासारखं होतंही. दोन्ही पोरींचे गाल बसलेले. दुपारी गेले तर ताटलीत नुसती तरोट्याची शिजवलेली रानभाजी, सोबत भाकरीचा नखाएवढा तुकडा. म्हटलं, शनिवारी पीठ नेलं ते गेलं कुठं? एकदा ती पाण्याला गेली असताना मी आत शिरले. आज सांगताना लाज वाटते, पण शिरले. मागाच्या खड्ड्याजवळ पोत्याने झाकलेली घागर होती. झाकण काढलं तर आत पीठ! आमच्याच मुठीचं, गळ्यापर्यंत भरलेलं. आणि आंबूस वास मारत होतं.

तेवढ्यात गोजरा दारात. डोक्यावर हंडा.

मी म्हटलं, "हे काय गं? पोरी उपाशी आणि पीठ इथं नासतंय?"

तिने हंडा उतरवला. म्हणाली, "नासत नाही, मुरून राहिलं. ऊन पडू द्या, मंग कळंन तुमाले."

ऊन पडल्यावर काय कळायचंय? मी घरी येऊन मास्तरांना सांगितलं, ती नक्की कुणाला तरी पीठ पोचवते. मास्तर वही तपासत होते. म्हणाले, "तिला विचारलंस का, कशासाठी ठेवलंय?"

"विचारायचं काय त्यात? हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"विचारावं," एवढंच ते म्हणाले. मास्तरांचा आवाज मुळातच लहान. शाळेत पोरं ऐकत नसत, घरात मी.

पोळा आठ दिवसांवर आला आणि उघाड पडली. काय ते ऊन! धुतल्यासारखं पिवळं. सगळी गल्ली बाहेर आली. खालच्या अंगाला भल्या सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताचे ताणे ताणलेले, लाकडी घोड्यांवर, कमरेएवढ्या उंचीवर. दोन्ही बाजूंनी माणसं मोठाले कुंचे घेऊन मागेपुढे चाललेली. मी ते कधी जवळून पाहिलंच नव्हतं. गंमत म्हणून खाली उतरले.

पाहते तर शेवटच्या ताण्यापाशी गोजरा. तीन दगडांच्या चुलीवर घागर. त्यात आमचं पीठ शिजवून चिकट पेज केलेली. ती ओंजळीने उचलत होती आणि सुताला फासत होती. फासते आहे, आणि खाली रस्त्याच्या चिखलात पिठाचे थेंब पडताहेत. टप टप. तिचे पाय त्यावरून चाललेत.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी भर गल्लीत ओरडले, "अगं चांडाळणी! लोकांनी तोंडचा घास काढून दिला आणि तू तो चिखलात घालतेस? सुताला पीठ चारतेस? पोरींना चार की!"

सगळे कुंचे क्षणभर थबकले. फक्त गोजराचे हात थांबले नाहीत. तिने मान वर केली, तसंच सरळ पाहिलं, आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, बाजूले सरा. सावली पडून राहिली सुतावर."

माझी सावली! मला वाटलं, केवढा हा उर्मटपणा. मी तशीच तरातरा दाजीसाहेबांच्या पेढीवर.

शनिवारी देवळात गोजरा रिकामं गाडगं घेऊन रांगेत उभी राहिली. दाजीसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "देखो बाई, ज्याला अन्नाची किंमत नाही त्याला अन्न नाही. तुमचं नाव कमी केलं."

ती गेली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अन्नाची किंमत माले सांगता? आखाडात घरात खळीचं पीठ होतं. व्यापाऱ्याचं सूत घेतलं तवाच आणून ठेवलेलं. झड हटेना, पोरी रडे, ते पीठ खाल्लं आम्ही. मंग तुमचं आलं, त्यातलं मूठ-मूठ खळीले ठेवलं. पिठाच्या बदल्यात पीठ. याच्यात चोरी कोणती झाली? खळ नाही तं ताणा नाही, ताणा नाही तं माग नाही. अर्धा ताणा झाला माझा. अर्धा बाकी हाये. पोळ्यापर्यंत मागावर चढला नाही तं व्यापारी सूत वापस घेऊन जाईन. आजचं एक गाडगं द्या. मंग या दारात पाय ठेवला तं सांगा."

याहून स्वच्छ कुणी कसं सांगावं? शब्द न् शब्द मी ऐकला. आणि माझ्या मनात काय आलं? आलं ते हे, की बाई बोलण्यात भारी हुशार आहे. रचून आणलंय सगळं.

दाजीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पेढीवर बसून त्यांनाही मागातलं काय कळणार? कापूस गाठीत बांधून आगगाडीत चढला की त्यांचा त्याच्याशी संबंध संपे. ते डोळ्यांनीच मला विचारत होते, खरं बोलते का ही? रांगेत विणकरणी होत्या, दहाबारा तरी. त्यातली एकही बोलली नाही. म्हणून मला जास्तच खात्री वाटली. खरं असतं तर कुणी तिच्या बाजूने बोललं नसतं का?

मी नकारार्थी मान हलवली. एवढीशी. डास हाकलावा तशी.

गोजराने ते पाहिलं. गाडगं काखेत मारून ती निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पाऊस. पोळ्याच्या आदल्या सकाळी दोन तास ऊन पडलं तेव्हा गल्लीत इतरांचे ताणे लागले, तिचा नाही. पोळा झाला. व्यापाऱ्याचा माणूस येऊन सूत घेऊन गेला. महिन्याभरात त्यांचं दार बंद झालं. कुणी म्हणालं, चांदणी स्टेशनाकडे गेलेत, रेल्वेच्या रुळांसाठी खडी फोडायला.

मी म्हटलं, बरं झालं. ब्याद गेली.

दिवाळीला मास्तरांनी मला लुगडं आणलं. इथलंच, हातमागाचं, जांभळं, हिरव्या काठाचं. नवं असताना कसं करकरीत उभं राही, मला फार आवडे. चार वेळा नेसून झाल्यावर तापीवर धुवायला नेलं. पहिल्यांदा पाण्यात घातलं, खळबळलं, पिळलं, आणि हातांवरून पांढरं पाणी गळायला लागलं. मी हात नाकाशी नेला. ज्वारीच्या पिठाचा वास. भाकरी थापून झाल्यावर परात धुतो ना आपण, त्या पाण्याचा वास.

मी तिथंच दगडावर बसले. शेजारी खालच्या अंगाची एक म्हातारी विणकरीण धुणं धूत होती. तिला विचारलं, "हे पीठ कसलं गं यात?"

ती चमकली. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "खळ हाये माय. कच्चं सूत मागावर टिकत नाही, तटातट तुटते. पीठ पाजावंच लागते त्याले, अन् उनात वाळवावं लागते. म्हणून तं झडीत आमी मरतो. हे लुगडं, ते धोतर, समद्यानं पीठ खाल्लेलं हाये."

"मग त्या दिवशी देवळात बोलली का नाहीस? तू होतीस रांगेत!"

म्हातारी लुगडं आपटत राहिली. आपटता आपटताच म्हणाली, "आमीबी तेच करे ना माय. थोडं थोडं ठेवे. बोललो असतो तं तुमी आमचंबी नाव काढलं असतं."

काय सांगू? माझ्या अंगावरचं लुगडं, मास्तरांचं धोतर, दाजीसाहेबांचं पागोटं, देवळातल्या मारुतीवरची शाल. सगळं जन्मभर पीठ खाऊन आलेलं, आणि मी गोजराला चिखलातले थेंब मोजून दाखवत होते. मला इतकी लाज वाटली की ओलं लुगडं तिथंच टाकून पळावंसं वाटलं.

मास्तरांच्या मागे लागून चांदणीला गेले. बरोबर ताज्या दळलेल्या पिठाची पिशवी नेली. रुळाच्या कडेला खडीचे ढीग आणि ढिगांमागे बायका बसलेल्या, हातोड्या चाललेल्या. गोजराने मला लांबूनच ओळखलं. उठली नाही. किसन गेला होता हे तिच्या कपाळावरून कळलं. पोरी शेजारीच बसून लहान दगड फोडत होत्या. मी तिच्या हातांकडे पाहिलं. बोटांना भेगा, नखं काळीनिळी. त्या हातांत सूत धरलं तर भेगांत अडकून तुटेल.

मी पिशवी पुढे केली. माझ्या तोंडून "चुकलं माझं" एवढंच निघालं, तेही अर्धं रडण्यात गेलं.

तिने पिशवीत हात घालून पीठ चिमटीत धरून पाहिलं. म्हणाली, "चांगलं हाये. खायचंच आता. माग तं विकला." मग माझ्याकडे वर पाहिलं. तेच डोळे, सरळ. तिने शांतपणे विचारलं, "तपासाले कवा येसान?"

तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिने खरंच विचारलं होतं. पीठ घ्यायचं म्हणजे पाठोपाठ कुणीतरी बघायला येणार, एवढंच तिला आमच्याकडून शिकायला मिळालं होतं.

या गोष्टीला चाळीसएक पावसाळे झाले. दाजीसाहेब गेले, मास्तर गेले. माझा स्वभाव बदलला का म्हणाल तर नाही. दूधवाल्याच्या मापात मी अजून बोट घालते. फक्त तपासायच्या माणसांत मी एक नाव वाढवलं: स्वतःचं. दुसऱ्यावर संशय आला की आधी विचारते, बाई, तुला यातलं कळतं का काही?

कुमुदचा कागद रात्री फडताळात ठेवला होता. आज सकाळी चष्मा लावून वाचला. वरच लिहिलंय: "दिलेलं पीठ खाण्यासाठीच वापरलं जातं का?" अक्षर सुबक आहे पोरीचं.

आणि वाचता वाचता कागदावर ऊन आलं. नवव्या दिवशी! मी काठी घेऊन खाली उतरले. खालच्या अंगाला घोडे मांडलेले, ताणे ताणलेले, कुंचे चाललेले. हल्ली गिरणीचं कापड आल्यापासून ताणे थोडेच लागतात, पण लागतात. शेवटच्या ताण्याजवळ एक तरणी विणकरीण चुलीवर घागर ढवळत होती. मला पाहताच तिने चटकन घागरीवर पदर ओढला. पदराचं टोक खळीत बुडालं तरी तिच्या लक्षात नाही. म्हातारी तपासायला यायची आहे हे गल्लीत आधीच पसरलं असणार.

माझी सावली ताण्यावर पडू नये म्हणून मी पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात मागून कुमुद आलीच, लगबगीने, कागदपेन्सिल घेऊन. "आजी! इतक्या सकाळी? काय दिसलं?"

ताण्यावरचे कुंचे थांबले. ती बाई माझ्याकडे बघत होती. हिच्या घरी किती पोरं असतील, सूत कुणाचं असेल, मला ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, "ताणा दिसला. सुरेख लागलाय. कागद घेऊन दुपारी घरी ये, तो प्रश्न आधी खोडू. आणि आता जरा बाजूला सर पोरी, सावली पडते आहे सुतावर."

कुमुद गोंधळून बाजूला सरली. कुंचे पुन्हा चालू झाले. पण त्या बाईने घागरीवरचा पदर काही काढला नाही.